बीएएमएस आवडलं म्हणून की लागलं म्हणून?

ॲडमिशनचे राउंड सुरू झाले की या सदराचा इनबॉक्स वेगळाच होतो. एरवी केस गळणे, आम्लपित्त, गुडघे, बाळाची सर्दी. या महिन्यात मात्र सगळ्यांना एकच पडलंय, वैद्य व्हावं का आणि व्हायचं तर कशासाठी. त्यातली पाच पत्रं घेतलीत, नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी लातूरला दोन वर्षं क्लास केला, एक रिपीट धरून. एमबीबीएसला नंबर नाही लागला, तिसऱ्या राउंडला बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डिग्री, मिळालं. पप्पा म्हणतात घे, मामा म्हणतात अजून एक रिपीट कर, बीएएमएस म्हणजे उरलेल्यांचं. कॉलेजात पहिल्याच दिवशी एकेकाला उभं करून विचारलं आयुर्वेद का निवडला, सगळ्यांनी सांगितलं आवड होती, मी पण तेच सांगितलं आणि रूमवर येऊन खूप रडले, कारण मला कसली आवड नव्हती, आजी च्यवनप्राश खाते एवढंच माहीत होतं. मी खोटं बोलून या फिल्डला आले का? (वय १९)

उत्तर: बाळा, त्या वर्गात खोटं बोलणारी तू एकटी नव्हतीस, एवढं मी इथे बसून सांगते.

माझं सांगते. १९८९ ची गोष्ट, तेव्हा नीटची परीक्षा वगैरे काही नव्हतं, बारावीच्या पीसीबीच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) मार्कांवर ॲडमिशन व्हायच्या आणि मला चार मार्क कमी पडले, चारच, आणि ते फिजिक्सच्या कुठल्या गणितात गेले ते मी आजही सांगू शकते. बाबा म्हणाले डॉक्टरच ना शेवटी, घे. घेतलं. पहिलं वर्षभर संस्कृत आणि पदार्थविज्ञान, म्हणजे द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. मी घरी पत्र लिहिलं होतं की इथे औषधं सोडून सगळं शिकवतात. आम्हालाही विचारलं होतं का आलात, आणि अख्ख्या बॅचने आवडच सांगितली होती.

तर त्याच कोरड्या वाटलेल्या अभ्यासात एक ओळ होती, वायव्हाला विचारतील म्हणून घोकलेली, अर्थ कळला नव्हता. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात हाच प्रश्न येतो, की हा आयुर्वेद कुणी शिकायचा आणि कशासाठी. उत्तर असं, की ब्राह्मणांनी प्राण्यांवर अनुग्रह करायला, क्षत्रियांनी आत्मरक्षेला आणि वैश्यांनी वृत्तीसाठी, वृत्ती म्हणजे पोटापाण्यासाठी. ही वर्णवार वाटणी आपल्याला नको, ती तिथेच राहू दे (शूद्रांचं नाव त्या ओळीत नाही हेही बघून ठेव), आणि लगेच पुढे म्हटलंच आहे की नाहीतर मग सगळ्यांनीच धर्म, अर्थ, काम यासाठी शिकावा. पण ती तीन कारणं बघ. दुसऱ्याचं भलं, स्वतःचा जीव, आणि पोट. माझ्याकडे इतकी वर्षं जी पत्रं येतात ती फिरून फिरून याच तिघांत येऊन बसतात. पोटासाठी शिकतो हे चरकाने लपवलं नाही मग तू कशाला लपवतेस? मार्क कमी पडले, डॉक्टर व्हायचं होतं, ही सीट मिळाली. हे खरं कारण आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज कधी वाटावी, तर पाचव्या वर्षीपण तेवढंच सांगता येत असेल तर.

आता मामांचं. रिपीट करायचं की नाही ते तुझं तुला, पण बीएएमएस एमबीबीएसच्या मागच्या दाराने जायला म्हणून घेत असशील तर हिशेब नीट घालून घे. साडेचार वर्षं अभ्यास, दीड-दीड वर्षाची तीन प्रोफेशनल, म्हणजे तीन टप्पे, वर एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे साडेपाच वर्षं. सरकारी आणि खाजगी फीत जमीन-अस्मानाचा फरक. पास झाल्यावर तुझ्या आजूबाजूच्या मुली काय करतात ते जाऊन बघ, कोणी १०८ च्या ॲम्ब्युलन्सवर असते (ते डॉक्टर बहुतेक आपलेच असतात, लोकांना माहीत नसतं), कोणी उपकेंद्रावर कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, आणि खूप जणी शहरातल्या खाजगी हॉस्पिटलात आरएमओ (रेसिडेंट मेडिकल ऑफिसर) म्हणून रात्रपाळ्या करतात, सलाईन, इंजेक्शन, कन्सल्टंटचे फोन, आयुर्वेदाचा संबंध फक्त डिग्रीच्या कागदापुरता. मी हे वाईट म्हणून सांगत नाही, मी स्वतः चार वर्षं केलंय. पण मनात कुढत राहायला होतं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या केसमध्ये सांगितलंय की सरकारी नोकरीत आयुर्वेदाच्या डॉक्टरांना एमबीबीएसच्या बरोबरीचा पगार हक्क म्हणून मागता येणार नाही. म्हणजे बरोबरी मिळेल म्हणून जायचं असेल तर जाऊ नकोस.

आवड कशी लागते ते विचारशील तर मला इंटर्नशिपमध्ये लागली, आणि कशाने, तर केसपेपरने. आपल्याकडे केस घेताना भूक, झोप, मलप्रवृत्ती, कधी जेवता, काय जेवता सगळं विचारावं लागतं, मार्क असतात त्याला. एक विडी वळणाऱ्या बाई होत्या, पोटात आग पडते म्हणून यायच्या, आधी दोन ठिकाणच्या गोळ्या झालेल्या. मी पेपर भरायचा म्हणून विचारलं जेवता कधी, तर म्हणाल्या सगळ्यांचं झाल्यावर. म्हणजे कधी? चार वाजता. आणि तोवर? चहा. किती? मोजतंय कोण. मी काय दिलं असेल, अविपत्तिकर चूर्ण, तेवढंच येत होतं. पण सकाळी विड्यांना बसायच्या आधी अर्धी भाकरी खायची एवढं त्यांनी माझं ऐकलं आणि पंधरा दिवसांनी येऊन लिंबं देऊन गेल्या, मी म्हटलं नाही लिंबू तुम्ही खायचं नाही, ते कळलंच होतं त्यांना. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की चार मार्क गेले ते ठीक झालं. तुझं तसं होईल की नाही ते मी कुठून सांगू, पण पहिल्या वर्षी आवड नाही म्हणून रडू नकोस, पहिल्या वर्षी कुणालाच नसते, ज्याला असते तो बहुतेक वैद्याच्या घरातला असतो किंवा मग मार्क कमवायला बोलत असतो.

प्रश्न: मी सहा महिन्यांचा ऑनलाइन निसर्गोपचार डिप्लोमा केला आहे, सर्टिफिकेट आले आहे. नावापुढे डॉ. लावून घरीच क्लिनिक उघडू शकते का?

उत्तर: नाही. महाराष्ट्रात १९६१ चा मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट आहे, रजिस्ट्रेशनशिवाय पेशंट तपासणं गुन्हा आहे, आणि सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर रजिस्ट्रेशन होत नाही. शिकलात ते घरच्यांसाठी वापरा. कोर्स विकणाऱ्यांनी डॉ. लावता येईल असं सांगितलं असेल तर पैसे परत मागा.

प्रश्न: वैद्य ताई, मी सत्तेचाळीस वर्षांचा, बँकेत मॅनेजर, ठाण्यात राहतो. बीपी, वजन, झोप नाही, चिडचिड. गेल्या वर्षी उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात दहा दिवस राहून आलो आणि आयुष्य बदललं, साडेचार किलो कमी, बीपी खाली, झोप लहान मुलासारखी. आता व्हीआरएस घेऊन निसर्गोपचाराचं रीतसर शिक्षण घ्यायचं आणि लोकांना बरं करायचं असं मनाने घेतलंय. मिसेसना वेडेपणा वाटतो. तुमचं मत?

उत्तर: मिसेसना वेडेपणा वाटतो म्हणजे त्या हिशेब बघतात, त्यांच्यावर रागावू नका.

चरकाच्या त्या तीन कारणांतलं तुमचं आत्मरक्षेचं. स्वतःला बरं वाटलं, आता दुसऱ्याला सांगावंसं वाटतं. निसर्गोपचारात येणारे निम्मे लोक याच दारातून येतात, आणि तुम्ही ज्या आश्रमात राहून आलात त्याची मुळं पण तिथेच आहेत. गांधीजींना दक्षिण आफ्रिकेत बद्धकोष्ठ आणि डोकेदुखीने छळलं होतं, तिथे जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तकं वाचून त्यांनी पोटावर ओल्या मातीच्या पट्ट्या ठेवायला सुरुवात केली, आणि मग ते वेड त्यांना जन्मभर पुरलं. पुण्यात ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहतांचं नेचर क्युअर क्लिनिक होतं, तिथे ते राहायचे, १९४५ च्या नोव्हेंबरात तिथेच ट्रस्ट केला, आज त्या जागी राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. पण पुण्यासारख्या शहरात राहून हे गरिबाच्या उपयोगाला येणार नाही असं त्यांचं मत झालं, गरीब तर खेड्यात आहे, म्हणून १९४६ च्या मार्चमध्ये उरुळी. बघा, आत्मरक्षेपासून निघालेला माणूस अनुग्रहापर्यंत गेला. तुम्हालाही तसंच वाटत असणार, मी कमी लेखत नाही.

पण गांधीजी उरुळीत जेमतेम आठवडाभर राहिले. नंतर तो आश्रम अंगावर घेतला मणिभाई देसाईंनी, सुरतकडचा पंचविशीतला मुलगा, फिजिक्स शिकलेला, डॉक्टर वैद्य कुणी नाही, इथेच राहीन असा शब्द गांधीजींना दिला आणि पाळला. त्यांच्या लक्षात आलं की माणसांना खायला धड नाही, त्यांना उपास काय सांगणार, आणि ते गाई, शेती, दूध याच्या मागे लागले, १९६७ ला त्यातून बाएफ ही संस्था उभी राहिली, १९८२ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो खेड्यातल्या गरिबांना वर काढण्याच्या कामाला, मातीच्या पट्ट्यांना नाही. मला ही गोष्ट फार आवडते कारण ज्या कारणाने आत शिरलो त्याला चिकटून बसायची त्यांनी जिद्द धरली नाही.

आता तुमचं. रीतसर शिक्षण म्हणजे बीएनवायएस, निसर्गोपचार आणि योगाची डिग्री, साडेपाच वर्षं इंटर्नशिपसकट, १९८९ मध्ये कर्नाटकात उजिरेला सुरू झालेला अभ्यासक्रम, बारावी सायन्सच्या मुलांसाठी. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, पॅथॉलॉजी सगळं असतं त्यात. आणि आयुर्वेद, होमिओपॅथीसारखं या डिग्रीला देशभराचं एक कौन्सिल नाही, राज्याराज्याचे नियम वेगळे. तुम्ही तो केलात तर त्रेपन्नाव्या वर्षी नवशिके व्हाल. करूच नका असं नाही म्हणत पण त्याआधी एक गोष्ट तपासा, त्या दहा दिवसांत तुम्हाला बरं कशाने वाटलं. माती, कटिस्नान, एनिमा हे होतंच, पण मीठ-तेल नव्हतं, रात्री साडेनऊला झोप होती, रोज चालणं होतं, आणि दहा दिवस बँक नव्हती. खरं सांगू का, मला शेवटच्या गोष्टीचा संशय जास्त आहे. म्हणजे तुम्हाला कदाचित निसर्गोपचारक व्हायचं नसेल, फक्त बँकेतून सुटायचं असेल. सुटा की, पण त्याला दवाखान्याची गरज नाही.

हे थोडं टोचून बोलतेय त्याला कारण आहे. स्वतः बरे झालेले लोक फार पटकन प्रचारक होतात. माझ्याकडे एक पंधरा वर्षांची मुलगी आणली होती, टाइप वन डायबेटिस, अशाच एका स्वतः बरे झालेल्या काकांनी तिला इन्सुलिन बंद करून फळं आणि काढ्यावर ठेवलं होतं, तिला श्वास लागलेला, मी नाडी पण न बघता गाडीत घालून आयसीयूला पाठवली. वाचली. त्या काकांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांची स्वतःची साखर खरंच खाली आली होती, फक्त त्यांचा डायबेटिस वेगळा आणि तिचा वेगळा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. डिग्री असते ती आपलं औषध कुठे संपतं हे कळण्यासाठी. मी तर म्हणते आधी महिनाभर बिनपगारी रजा घ्या आणि आश्रमात नाहीतर अशाच एखाद्या केंद्रात सेवेकरी म्हणून राहा. एनिमाचे डबे धुवायचे, पट्ट्यांची माती चाळायची, लोकांच्या पोटाच्या तक्रारी दिवसभर ऐकायच्या. महिन्यानंतरही हेच करावंसं वाटलं तर मला परत लिहा, तेव्हा मिसेसशी मी बोलेन.

प्रश्न: ताई, मी श्टुटगार्टला असते, नवरा ऑटोमोबाइलमध्ये, मी पुण्याची बी फार्म. इथली माझी शेजारीण वीस वर्षं नर्स होती, आता पंचेचाळिशीत नोकरी सोडून हाइलप्राक्टिकरची परीक्षा देतेय, म्हणजे इथले निसर्गोपचारवाले. एवढी भारी हॉस्पिटलं असलेल्या देशात शिकलेली माणसं याच्या मागे का लागतात? आणि मी पण देऊ का ती परीक्षा? मला इथे नुसतं घरात बसून वेड लागायची वेळ आलीय.

उत्तर: तुमच्या शेजारणीलाच विचारा, पण माझा अंदाज सांगते, तिला वेळ हवाय. वीस वर्षं वॉर्डात पळून पळून एका पेशंटशी दहा मिनिटं बोलता आलं नसेल. आपल्याकडची रांग आणि तुमच्याकडची अपॉइंटमेंट यात फरक असला तरी डॉक्टरचं एक डोळा घड्याळावर असणं सगळीकडे सारखंच, आणि हाइलप्राक्टिकरकडे माणूस स्वतःच्या खिशातले पैसे देऊन तासभर बसतो तो मुख्यतः त्या तासासाठी. औषध होमिओपॅथीचं असो की आणखी कशाचं, ते नंतर. माझ्या विडीवाल्या बाईंचंच आहे हे.

कायदा मात्र तिथला गमतीचा आहे. तो १९३९ चा, हिटलरच्या काळातला, आणि आणला होता तो हा धंदा हळूहळू बंद पाडायला, म्हणजे आहेत त्यांना परवाना आणि नवे जवळपास नाहीत. युद्धानंतर कोर्टांनी सांगितलं की लोकांना धंदा निवडायचं स्वातंत्र्य आहे, आणि बंद करायला केलेला कायदा दार उघडून बसला. आज अट काय, तर वय पंचवीस पूर्ण, शाळा पास, चारित्र्य आणि तब्येत ठीक, आणि आरोग्य खात्याची परीक्षा. लेखीत साठ प्रश्न, पंचेचाळीस बरोबर आले पाहिजेत, मग तोंडी, वर्षातून दोनदा मार्च आणि ऑक्टोबरला. कुठल्या कॉलेजात किती वर्षं शिकायचं हे कायद्यात लिहिलेलंच नाही. आणि परीक्षेत बघतात ते हेच, की तुमच्यामुळे लोकांच्या जिवाला धोका तर नाही ना. प्रिस्क्रिप्शनची औषधं लिहिता येत नाहीत, दात नाही, बाळंतपण नाही, बरेच संसर्गजन्य रोग नाहीत.

तुम्ही बी फार्म आहात, फार्माकॉलॉजी येतं, जर्मन चांगलं असेल तर परीक्षा जमेल. पण घरात बसून वेड लागतंय हे कारण आहे ना, ते चरकाच्या तिन्हींत कुठेच बसत नाही हो. आधी फार्मसीतलं काहीतरी बघा, डिग्रीच्या मान्यतेची चौकशी करा, कागदपत्रं वेळखाऊ आहेत पण ते तुमचं स्वतःचं फिल्ड आहे. शेजारणीची पुस्तकं चाळा तोवर.

प्रश्न: मॅडम, आमचं गाव पाटण तालुक्यात. आजोबा काविळीचं औषध देतात, पणजोबांपासून चालत आलंय, रविवारी आणि बुधवारी, पैसे घेत नाहीत, नारळ ठेवतात लोक. लांबून गाड्या येतात. आजोबा ८४ वर्षांचे आहेत. मी बारावीला आहे, सगळे म्हणतात तू बीएएमएस कर म्हणजे घरातलं पुढं चालंल. मला पण करायचंय. पण आमच्या बायोलॉजीच्या सरांनी वर्गात सांगितलं की कावीळ आपोआपच बरी होते, मला लय राग आला आणि वाईट पण वाटलं. खरं काय?

उत्तर: सरांचं बरंचसं खरं आहे रे, आणि तुझ्या आजोबांचं पण खोटं नाही.

गावाकडे पावसाळ्यात जी कावीळ येते ती बहुतेक वेळा पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई ची. ती बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते, औषध घेतलं काय, न घेतलं काय. म्हणजे आजोबांकडे आलेल्या शंभरातले बरेच जण बरे होणारच होते, आणि त्यांचं नाव झालं त्यात याचा वाटा आहे. पण आजोबा नुसतं मूळ वाटून देत नसणार, ते सांगत असतील तेलकट बंद, दारू बंद, शेतात जायचं नाही, झोपून राहा, हो की नाही? तो सल्ला चोख आहे, आणि पैसे न घेता देतात म्हणून लोक ऐकतात. डॉक्टरचं इतकं ऐकत नाहीत. आणि त्या औषधात भुईआवळा असेल असं मला वाटतंय, यकृतासाठी आयुर्वेदात तो आहेच, त्यावर अभ्यासही झालेत, अजून पक्कं काही ठरलेलं नाही.

काळजी वेगळीच आहे. त्या गाडीतून येणाऱ्यांत एखादा असतो ज्याची कावीळ पित्ताच्या खड्याने नाहीतर गाठीने मार्ग अडल्यामुळे झालेली असते. अंगाला खाज, संडास पांढरट मातीसारखी, लघवी गर्द, वजन उतरलेलं. गरोदर बाई असते, तिला ई ची कावीळ जिवावर बेतू शकते. यांना रविवार-बुधवार थांबवायचं नसतं. आजोबांना अनुभवाने यातले काही ओळखता येत असतील, विचार त्यांना, मला खात्री आहे ते काहींना "माझ्याकडचं नाही हे, साताऱ्याला ने" म्हणून परत पाठवत असतील. ते कशावरून ओळखतात ते ऐक, तुला काही वर्षांनी रोगनिदानाच्या पुस्तकात तेच भेटेल आणि तू वर्गात एकटाच हसशील.

वारसा म्हणून बीएएमएसला जायला काही हरकत नाही, फक्त घरचं औषध खरं ठरवायला जाऊ नकोस, ते खरं किती आणि आपोआप किती हे बघायला जा. राग आला तरी. नीटचा फॉर्म भर, आयुषलाही (बीएएमएस त्यातच येतं) खुल्या वर्गाला पन्नास पर्सेंटाइल लागतात, रिझर्व्हेशनला कमी, बारावीच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष नको.

आणि या रविवारी वही घेऊन आजोबांबरोबर रानात जा. कुठलं झाड, मूळ की पान, कुठल्या महिन्यात काढायचं, किती घ्यायचं, कशात वाटायचं, कुणाला द्यायचं नाही, सगळं लिहून घे, फोटो काढ, पानं वर्तमानपत्रात दाबून ठेव. ॲडमिशन पुढच्या वर्षी पण होते. आजोबा ८४ चे आहेत.